अनिरुद्ध ओव्हाळ एकटा धावला तेव्हा

अनिरुद्ध ओव्हाळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चार्जमन, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारा, होता. त्याचे वडील त्याच कारखान्यात मजूर म्हणून लागले आणि मजूर म्हणूनच निवृत्त झाले. बोपोडीतल्या दोन खोल्यांत वाढलेला हा मुलगा डिप्लोमा करून, खात्याच्या परीक्षा देत वर चढला आणि रेंजहिल्सच्या वसाहतीत त्याला क्वार्टर मिळालं. माणूस कामाला चोख, बोलायला गोड. विहाराच्या कमिटीचा तो सेक्रेटरी होता आणि भाषण करायला उभा राहिला की बायका पोरांना गप्प बसवून ऐकायच्या. एकच गोष्ट त्याला आयुष्यभर चिकटली होती. साहेब लोक आसपास असले की तो स्वतःकडे त्यांच्या नजरेनं बघायला लागायचा. शर्टाची इस्त्री, बुटाचं पॉलिश, इंग्रजीतला उच्चार. कुठं काही कमी दिसतंय का, हे तपासण्यात त्याचा निम्मा जीव खर्ची पडायचा. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

बायको आम्रपाली बोपोडीच्या अंगणवाडीत सेविका होती. अंगानं भरलेली, बोलायला तुटक, आणि एकदा हातात घेतलेलं काम न सोडणारी. मुलगी निकिता नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि घरात दोघंच उरले. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून फरसाण खाताना दोघांचीही पोटं कधी सुटली ते कळलंच नाही. मग कारखान्याच्या वार्षिक तपासणीत अनिरुद्धची साखर वाढलेली निघाली, आणि त्याच आठवड्यात आम्रपालीला जिना चढताना चक्कर आली. डॉक्टरीणबाई दोघांना समोर बसवून म्हणाल्या, "गोळ्या देते, पण गोळ्यांच्या भरवशावर राहू नका. जरा हला."

"चला, पळू या," हे आम्रपालीच म्हणाली. शाळेत असताना ती खो-खो खेळायची. लग्नानंतर ही गोष्ट कधी कामाला आली नव्हती, त्यामुळे अनिरुद्धच्या ती लक्षातही नव्हती.

त्यानं दोघांसाठी बूट आणले. स्वतःसाठी ट्रॅकसूटही घेतला. आम्रपालीनं मात्र नवीन कपडे घ्यायला साफ नकार दिला. निकिताचा कॉलेजच्या गॅदरिंगचा जुना पिवळा टी-शर्ट, खाली सलवार, आणि ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, असा तिचा वेश ठरला. डोक्याला तेल, वेणी चापून घातलेली.

"अगं, ओढणी तरी घरी ठेव," तो म्हणायचा.

"का? ती काय धावायला नको म्हणते का?"

रोज पहाटे स्कूटरवरून दोघं विद्यापीठाच्या आवारात जायचे. फाटकाजवळ स्कूटर लावायची आणि झाडीतल्या रस्त्यानं निघायचं. सुरुवातीला दोघंही दोन विजेच्या खांबांमध्येच दमायचे आणि एकमेकांकडे बघून हसायचे. आम्रपालीच्या सलवारीला खिसा नव्हता, म्हणून तिचा मोबाइल, घराची किल्ली आणि दुधाचे पैसे अनिरुद्धच्या ट्रॅकसूटच्या खिशात असायचे. धावताना ते खुळखुळायचे. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, पण इतकं सलग एकमेकांच्या सोबतीनं त्यांनी कधी काही केलं नव्हतं. अनिरुद्धला ते फार आवडायला लागलं होतं. म्हणून तर पुढं जे झालं त्याचा त्याला उलगडा होईना.

पावसाळ्यातला एक रविवार होता. रस्ता ओला, झाडांवरून अजून थेंब पडत होते. अनिरुद्ध थोडा पुढं होता, आम्रपाली मागून तिच्या चालीनं येत होती. वळणावर समोरून त्याचे नवे मॅनेजर अभय सर आले. सोबत त्यांची बायको, शेफाली मॅडम. दोघंही वयानं अनिरुद्धपेक्षा लहान. शिडशिडीत अंगं, मनगटावर घड्याळं, घामसुद्धा नीटनेटका. सर महिन्यापूर्वीच बदलून आले होते आणि अनिरुद्धचं नाव बढतीच्या यादीत होतं.

"अरे, ओव्हाळ! तुम्हीपण रनर का?" सर थांबले. "वा! एकटेच येता?"

उत्तर द्यायला एक क्षण पुरे होता. त्या क्षणात अनिरुद्धनं मागं वळून पाहिलं. झाडांच्या बोगद्यातून पिवळा टी-शर्ट येत होता. तोंड लालबुंद, श्वास फुललेला, कमरेची ओढणी एका बाजूला सुटून लोंबत होती. त्याची बायको त्याला सरांच्या डोळ्यांनी दिसली.

"हो सर," तो म्हणाला. "एकटाच."

आम्रपाली जवळ आली होती. शेफाली मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "बघ ना, किती धाप लागलीय त्यांना. पण सोडत नाहीयेत. मानलं पाहिजे."

"डॉक्टरनं घाबरवलं असणार," सर हसत म्हणाले.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण अनिरुद्धला वाटलं, आपणही काही बोलायला हवं, नाहीतर सरांना संशय येईल. तो हसला आणि म्हणाला, "अशा लोकांनी आधी चालायचा सराव करायला पाहिजे."

आम्रपाली तेव्हा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. तिनं ऐकलं. अनिरुद्धला तिचे डोळे दिसले. ती थांबेल, "अहो" म्हणून हाक मारेल, आणि आपण आत्ताच्या आत्ता जमिनीत जाऊ, असं त्याला वाटलं. पण तिनं तसलं काही केलं नाही. अनोळखी माणसांच्या घोळक्याला वळसा घालावा तसा तिनं त्या तिघांना वळसा घातला आणि ती त्याच चालीनं पुढं निघून गेली. वेग वाढवला नाही, कमी केला नाही.

सर बढतीच्या मुलाखतीबद्दल काहीतरी सांगत राहिले. अनिरुद्ध मान हलवत राहिला. ते गेल्यावर तो धावत सुटला, पूर्ण फेरी मारली, फाटकापाशी आला. स्कूटर होती, आम्रपाली नव्हती. त्यानं परत आत जाऊन शोधलं. बाकांवर, नळापाशी, मुख्य इमारतीसमोर. मग त्यानं तिला फोन लावायला खिशात हात घातला, आणि त्याच्या हाताला तिचाच मोबाइल लागला. तिची किल्ली. दुधाचे पैसे. रिक्षाला देण्यापुरतंसुद्धा तिच्याजवळ काही नव्हतं.

तो क्वार्टरवर पोचला तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर बसलेली होती. घामानं भिजलेली, पाय लांब केलेले. शेजारच्या मंदाकिनीबाई कढीपत्त्याची डहाळी हातात घेऊन उभ्या होत्या आणि दोघी पाण्याच्या वेळेबद्दल बोलत होत्या.

"किल्ली तुमच्याकडे राहिली वाटतं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "चालत आली बिचारी विद्यापीठापासून. भांडलात की काय?"

"नाही हो," आम्रपाली उठत म्हणाली. "चालायचा सराव करत होते."

अनिरुद्धनं कुलूप उघडलं.

तिनं चहा टाकला. त्याचा कप त्याच्यासमोर ठेवला. तो तिच्या बोलण्याची वाट बघत बसला. तिनं रडावं, भांडावं, कप आपटावा, म्हणजे आपल्यालाही काहीतरी बोलता येईल, असं त्याला वाटत होतं.

"तुमचे नवे साहेब होते का?"

"हं."

"चांगले वाटतात," ती म्हणाली. "भाजी कोणती करू?"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं बूट घातले आणि बघितलं, तर ती आधीच गेली होती. वसाहतीच्या मैदानावर. त्यानंतर ती रोज तिथंच जायला लागली, एकटी. अनिरुद्ध दोन-तीनदा स्कूटरनं विद्यापीठात जाऊन आला. खिशात आता काही खुळखुळत नव्हतं. त्या वळणापाशी आला की तो मागं फिरायचा. मग तो घरूनच बूट घालून निघायचा, नाक्यावर जाऊन पेपर वाचायचा आणि परत यायचा. ती विचारायची नाही, तो सांगायचा नाही.

घरात सगळं नेहमीसारखं चाललं होतं. डबा वेळेवर, कपडे जागच्या जागी, निकिताच्या फोनवर दोघांचं हसणं. पण दोघंच असली की आम्रपाली त्याच्याशी कामापुरतंच बोलायची, पाहुण्याशी बोलावं इतक्या नीट. त्या नीटपणानं अनिरुद्ध आतून सोलून निघत होता. ऑफिसात सर खांद्यावर हात ठेवून "काय रनर?" म्हणायचे, तेव्हा त्याच्या कानशिलांतून वाफ निघायची.

वर्षावासाचे दिवस होते. विहारात दर रविवारी संध्याकाळी प्रवचन असायचं आणि अष्टांगिक मार्गाचं एकेक अंग समजावून सांगायचं काम अनिरुद्धकडे होतं. त्या घटनेनंतरच्या रविवारी नेमकी सम्यक वाचा होती. विषय त्यानंच महिनाभर आधी फळ्यावर लिहिला होता, बदलायला काही कारण नव्हतं.

त्रिसरण-पंचशील झालं. तो उभा राहिला. समोर सतरंजीवर पांढऱ्या साड्यांच्या रांगा, तिसऱ्या रांगेत आम्रपाली. त्यानं सुरुवात बरी केली. खोटं बोलू नये. चहाडी करू नये. मग तो म्हणाला, "आणि दुसऱ्याचं मन दुखेल असं..." आणि तिथंच अडकला. पुढचे शब्द पाठ होते. वर्षानुवर्षं बोललेले होते. पंख्याची घरघर ऐकू येत होती. मंदाकिनीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "साखर कमी झाली असेल," कुणीतरी म्हणालं. आम्रपालीनं एकदा वर पाहिलं, मग ती उठली आणि खिरीच्या पातेल्याकडे गेली.

त्या दिवशी खीर तिनंच वाढली. सगळ्यांसारखी त्यालाही.

थंडी सुरू झाली तेव्हा वसाहतीच्या कल्याण समितीनं पाच किलोमीटरची धाव ठेवली. पुरुषांसाठी, बायकांसाठी, आणि जोडप्यांसाठी वेगळा गट. अभय सरांनी अनिरुद्धला बोलावून सांगितलं, "ओव्हाळ, तुमचं नाव जोडप्यांच्या गटात घालतो. मिसेसना आणा. आमची अजून भेटच नाही."

घरी येऊन त्यानं कसाबसा विषय काढला. आम्रपाली तांदूळ निवडत होती.

"मी बायकांच्या गटात नाव दिलंय," ती म्हणाली. "मैदानावरच्या सगळ्या जणी देतायत."

"मग मी सरांना काय सांगू?"

"खरं सांगा," ती म्हणाली, आणि तिच्या बोटांनी एक खडा बाजूला टाकला.

त्यानं सरांना सांगितलं की बायको मैत्रिणींबरोबर धावणार आहे. खरंच होतं ते, पण त्या खऱ्यालाही खोट्याची चव आली.

धावेच्या दिवशी सगळे गट एकत्रच सोडले. अनिरुद्धनं कित्येक आठवडे नाक्यापलीकडे पाय उचलला नव्हता, तरी सर आणि मॅडमच्या बरोबरीनं तो ताडताड सुटला. वडांच्या सावलीतून रस्ता वळत गेला. पहिला पाण्याचा टेबल येईपर्यंत त्यानं दम धरला, आणि मग बरगडीखाली अशी कळ आली की तो कमरेत वाकला. सर, मॅडम पुढं गेले. तरणी मुलं गेली, निवृत्त माणसं गेली. गुडघ्यांवर हात टेकून तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला, तोंडाला फेस, ट्रॅकसूट घामानं अंगाला चिकटलेला. बघणारी माणसं टाळ्या वाजवून ओरडत होती, "चला काका, चला!"

मागून बायकांचा घोळका आला. त्यात आम्रपाली होती. तोच पिवळा टी-शर्ट, तीच कमरेची ओढणी. पण चाल आता एकसारखी झाली होती, श्वास पावलांशी जुळलेला होता. चार महिने ती रोज धावत होती आणि त्यानं एकदाही मैदानावर जाऊन बघितलं नव्हतं, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

ती त्याला ओळख न देता निघून जाईल, असं त्याला वाटलं. तिला तो हक्कच होता. पण तिनं धावताधावताच वळून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो, बसू नका. पाणी प्या आणि हळूहळू चालत या." आणि ती पुढं गेली.

कडेच्या एका पोरानं विचारलं, "काका, तुमच्या मिसेस का?" अनिरुद्धला नुसती मान हलवता आली. डोळ्यांत पाणी आलं ते घामाबरोबर पुसलं.

तो चालत चालत शेवटच्या फितीपाशी पोचला तेव्हा उपमा वाटायला सुरुवात झाली होती. सर, मॅडम आणि आम्रपाली एकाच टेबलापाशी उभे होते. मैदानावरच्या बायकांनी ओळख करून दिली होती म्हणे.

"ओव्हाळ, तुमच्या मिसेस तर जबरदस्त धावतात!" सर म्हणाले. "आम्हाला शेवटी गाठलं त्यांनी."

शेफाली मॅडम आम्रपालीकडे टक लावून बघत होत्या. "मी मघापासून विचार करतेय. हा टी-शर्ट... तुम्ही विद्यापीठात यायचात का पूर्वी? पावसाळ्यात?"

आम्रपालीनं उपम्याचा घास गिळला. "आले असेन एखाद्या वेळी," ती म्हणाली. "तिथं बरेच जण येतात."

ती अजूनही त्याला झाकत होती. अनिरुद्धला ते सहन झालं नाही.

"हीच होती ती, मॅडम," तो बोलून गेला. "त्या दिवशी आपण भेटलो तेव्हा ही माझ्याबरोबरच आली होती. मी खोटं बोललो सर. एकटा नव्हतो. आणि ते चालायच्या सरावाचं... ते मी हिलाच बोललो."

मॅडमचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला. आपण स्वतः त्या दिवशी काय बोललो होतो ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी आम्रपालीच्या हाताला स्पर्श केला. सर हातातल्या प्लेटकडे बघत राहिले. "चला, बक्षिसं सुरू होतील," असं म्हणून ते मॅडमना घेऊन मंडपाकडे निघाले.

अनिरुद्धला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. दोघं घराकडे चालायला लागले. आम्रपाली झपझप पुढं चालत होती. मग रस्त्यातच थांबली.

"कशासाठी बोललात ते?"

"खरं होतं म्हणून."

"मी निभावून नेलं होतं. बाई चांगली आहे, उपमा खाताना माझ्याशी किती गप्पा मारत होती. आता ती माझ्याशी बोलेल का? दिसले की मान खाली घालेल. तिनं काय वाईट केलं होतं? कौतुकच केलं होतं." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "साहेबाला सांगितलंत, साहेबाच्या बायकोला सांगितलंत. चार महिने तुमच्यासमोर ताट वाढतेय, मला काय सांगितलंत?"

खरंच, त्यानं तिला अजून एक शब्दही सांगितला नव्हता. आज कबुली देतानाही त्याची नजर साहेबाकडेच लागलेली होती.

रस्त्याकडेला लष्कराच्या कुंपणाची बुटकी भिंत होती. तो तिथं टेकला. ती उभीच राहिली.

"मला तुझी लाज वाटली होती," तो म्हणाला.

"ते तेव्हाच कळलं मला. का वाटली ते सांगा."

मग तो अडखळत सांगत गेला. साहेब दिसला की तो स्वतःला कसा तपासायला लागतो ते. लहानपणी वडिलांचा डबा द्यायला कारखान्याच्या फाटकावर जायचा, तेव्हा तिथला एक साहेब वडिलांना नावानं नाही, "ए" म्हणून हाक मारायचा. आणि शाळेतल्या मित्रानं एकदा विचारलं तेव्हा, ते माझे वडील नाहीत, असं तो म्हणाला होता. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आम्रपालीनं सगळं ऐकून घेतलं. हात मात्र धरला नाही.

"बाबांना कळलं होतं?" तिनं शेवटी विचारलं.

"माहीत नाही. विचारायचं धाडस नाही झालं."

"मला कळलं," ती म्हणाली. "एवढाच फरक आहे. चालत आले ना त्या दिवशी, तेव्हा सबंध रस्ता वाटत होतं, आपण खरंच इतक्या वाईट दिसतो का. दुकानाच्या काचेत बघत बघत आले."

अनिरुद्धनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझं चुकलं, आम्रपाली," तो म्हणाला. पुढं काही जोडायचं त्याला सुचलं नाही, आणि ते बरंच झालं.

"आता कुणाची लाज वाटते?"

"माझीच."

"वाटू दे थोडे दिवस," ती म्हणाली आणि चालायला लागली.

तिचे थोडे दिवस बरेच लांबले. दुसऱ्या दिवशी काही तिनं त्याला बरोबर नेलं नाही, त्या आठवड्यातही नाही. अनिरुद्धनं नाक्यावर पेपर वाचणं सोडलं आणि रेंजहिल्सच्या रस्त्यानं एकटाच, रडतखडत धावू लागला. बढतीची यादी लागली, त्यात त्याचं नाव होतं. साहेबाचे आभार मानायला जायच्या आधी त्यानं ती बातमी आम्रपालीला अंगणवाडीत जाऊन सांगितली. ती पोरांना खिचडी वाढत होती. "बरं झालं," म्हणाली, आणि त्याच्याही हातात एक ताटली दिली.

मग होळीच्या सुमाराला एकदा ती दारात बूट बांधत असताना म्हणाली, "मैदानावर येणार असाल तर या. पण माझ्यासाठी थांबायचं नाही आणि मी तुमच्यासाठी थांबणार नाही."

तो गेला. मैदानावरच्या बायकांनी त्याच्याकडे बघून आपसात काहीतरी कुजबूज केली. त्यांना सगळं ठाऊक असणार, हे त्याला पहिल्या पावलालाच कळलं. मान वर करून धावणं काही त्याला जमेना. तिसऱ्या फेरीत आम्रपालीनं त्याला गाठलं, मागं टाकलं, आणि ती मैदानाच्या पलीकडच्या कडेला पोचली. धुळीत तिच्या पावलांचे ठसे दिसत होते. मान खाली असल्यामुळे त्याला ते नीट दिसत होते. त्यांच्या मागनं तो धावत राहिला.